शाळा सुटल्यानंतरची शाळा



जून आला, शाळा उघडल्या. वह्या-पुस्तके झाली, जुनी दप्तरे शिवून झाली, गणवेश अजून एक वर्ष चालेल की नवा घ्यावा लागेल, याचा हिशेब घरोघर झाला. आता जुलै-ऑगस्टमध्ये हायस्कुलात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या दप्तरातून एक कागद घरी येईल. 'माझ्या पाल्याने खालील उपक्रमात भाग घेण्यास माझी हरकत नाही', असे काहीसे त्यावर छापलेले असेल. खाली एक रेघ असेल आणि रेघेखाली लिहिलेले असेल : पालकाची सही.

या आठवड्यात आम्हाला त्या रेघेविषयी बोलायचे आहे.

त्याला कारण घडले. यंदा जयंतीआधी घराला रंग द्यायचा म्हणून आम्ही माळ्यावरची लोखंडी पेटी खाली काढली. तिच्यात आमच्या थोरल्या मुलीची शाळेतली कंपासपेटी सापडली. आत चार घड्या घातलेला कागद होता. तो आठवीतला एन.सी.सी.चा अर्ज निघाला. नाव, इयत्ता, तुकडी, जन्मतारीख सारे तिने आपल्या वळणदार अक्षरात भरलेले होते. फक्त खालची रेघ कोरी होती.

ती रेघ आम्हीच कोरी ठेवली होती. तेव्हा आमच्या वस्तीत नळाला पाणी संध्याकाळी साडेपाचला येई. तिची आई कामावरून सातला घरी पोहोचे. आमची पाळी कधी दिवसाची, कधी रात्रीची. धाकटा लहान. शाळा सुटल्यावर पोरगी परेडला थांबली तर पाणी कोण भरणार, असा आमचा सवाल होता. त्याच्या जोडीला 'पोरीच्या जातीला परेड कशाला?' असेही एक वाक्य आम्ही बोललो होतो. लिहायला लाज वाटते, परंतु खरे ते लिहिले पाहिजे.

तीन वर्षांनी धाकट्याने स्काऊटचा अर्ज आणला. त्यावर आम्ही दारात उभ्या उभ्या सही केली. पाण्याची आठवण तेव्हा आम्हाला झाली नाही. कारण पाणी ती भरत होती.

मुलगी तेव्हा काही बोलली नाही. पुढे शिकली, पदवीधर झाली. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीला गेली, तेव्हा साहेबांनी विचारले, 'शाळेत अभ्यासाशिवाय काय काय केलंत?' घरी येऊन ती आईला म्हणाली, 'आई, मला काही सांगताच आलं नाही. पाणी भरलं असं सांगावंसं वाटलं, पण गप्प बसले.' पुढे तिला दुसरीकडे नोकरी लागली, ती आज आपल्या पायावर उभी आहे. पण ते वाक्य आमच्या कानातून गेलेले नाही.

हे उपक्रम म्हणजे काय?

आपल्यापैकी पुष्कळांना वाटते की शाळा म्हणजे फळा, पुस्तक आणि परीक्षा. बाकीचे सारे टाइमपास. आम्हालाही तसेच वाटे. परंतु घंटा वाजल्यावर हायस्कुलात एक दुसरी शाळा भरत असते. तिच्यात काय शिकवतात, हे आधी पाहू.

एन.सी.सी. घ्या. १९४८ साली कायदा होऊन ही संघटना सुरू झाली आणि दुसऱ्याच वर्षी मुलींसाठीही तिचे दार उघडले. हायस्कुलात मुलांसाठी ज्युनियर डिव्हिजन व मुलींसाठी ज्युनियर विंग असते. दोन वर्षे शिक्षण घेऊन परीक्षा दिली की 'ए' प्रमाणपत्र मिळते. कवायत, नकाशा वाचणे, प्रथमोपचार, रायफल चालवणे, छावणीत राहणे हे सारे तिथे येते. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. परेडच्या रांगेत उंचीप्रमाणे उभे राहायचे असते, आडनावाप्रमाणे नाही. छावणीत एकाच तंबूत झोपायचे, एकाच पंगतीत जेवायचे आणि आपापले ताट घासायचे.

स्काऊट-गाईड घ्या. 'भारत स्काऊट्स आणि गाईड्स' ही संस्था ७ नोव्हेंबर १९५० रोजी स्थापन झाली. दोरीच्या गाठी, तंबू उभारणे, चूल मांडून स्वयंपाक करणे, जखमेला पट्टी बांधणे असे शिक्षण तिथे मिळते. प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान अशा पायऱ्या चढत मुले राज्य पुरस्कारापर्यंत जातात. त्यातला 'खरी कमाई' हा उपक्रम आपल्या घरांत सर्वांना कळेल. मुलांनी स्वतः कष्ट करून, भेळ विकून नाहीतर छोटे काम करून चार पैसे मिळवायचे आणि हिशेब लिहायचा. आपल्या मुलांना कष्टाची ओळख करून द्यावी लागत नाही. परंतु कष्टाचा जाहीर मान होतो, हे त्यांना पहिल्यांदा तिथे दिसते. आमच्या धाकट्याने भेळेच्या गाडीचा हिशेब वहीत लिहून आणला होता. ती वही त्याने अजून ठेवली आहे.

चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षा घ्या. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती व अक्षरलेखन असे तिथले विषय. आपल्या कितीतरी मुलांच्या बोटात हे सारे मुळातच आहे. जयंतीचे फलक कोण रंगवते? कमानीवरची अक्षरे कोण काढते? तोच मुलगा शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला बसत नाही, कारण घरी कुणी फॉर्म भरत नाही. इंटरमिजिएट उत्तीर्ण झालेल्याला दहावीत श्रेणीप्रमाणे वाढीव गुण मिळतात. खेळात जिल्हा, राज्य पातळीवर चमकलेल्यांनाही नियमाप्रमाणे सवलतीचे गुण आहेत. मात्र हा प्रस्ताव शाळेने मुदतीत बोर्डाकडे पाठवावा लागतो. पालक विचारणारा असला तर तो वेळेवर जातो.

विज्ञानाचे पाहा. केंद्र सरकारच्या 'इन्स्पायर मानक' योजनेत शाळेमार्फत मुलांच्या नव्या कल्पना मागवतात. कल्पना निवडली गेली तर तिचे मॉडेल करण्यासाठी दहा हजार रुपये विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतात. गटारीचे पाणी घरात शिरू नये म्हणून काय करावे, हंडा डोक्यावर न घेता कसा न्यावा, हे प्रश्न बंगल्यातल्या मुलाला पडणार नाहीत, आपल्या मुलीला पडतील. कल्पना तिच्याकडे आहे. फक्त ती शाळेच्या कागदावर चढली पाहिजे.

आणि खेळ. कबड्डी, खो-खो यांना महागडी बॅट लागत नाही की पॅड लागत नाहीत. खो-खोत आठ जण बसतात आणि नववा धावतो. खो मिळाल्याशिवाय उठायचे नाही आणि मिळाला की क्षणभर थांबायचे नाही. आपली पाळी येईपर्यंत सावध बसणे, आली की जीव तोडून धावणे आणि दमल्यावर दुसऱ्याला उठवणे हा धडा पुस्तक वाचून येत नाही, मैदानात उतरावे लागते.

याशिवाय वक्तृत्व, हस्तलिखित, भित्तिपत्रक, विद्यार्थी मंत्रिमंडळ, लेझीम पथक, स्नेहसंमेलन आहेतच. एका शाळेत सारे नसते, पण प्रत्येक शाळेत काही ना काही असतेच.

ही शिदोरी जुनी आहे

कुणी म्हणेल, ही सारी सुखवस्तू लोकांची चैन आहे, आपल्याला आधी शिक्षण पाहिजे. वाचकहो, आपला इतिहास वेगळे सांगतो.

बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. १९२५ च्या जानेवारीत सभेने सोलापूरला हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले. पैसा तुटपुंजा, मदत थोडी, मुलांच्या जेवणाखाण्याचीच विवंचना. तरीही त्या वसतिगृहातल्या मुलांनी 'सरस्वती विलास' नावाचे मासिक चालवले. आणि मुंबईत त्याच सभेने मोफत वाचनालय व एक हॉकी क्लब चालवला. आपल्या माणसांचा मोकळा वेळ दारू-जुगारात जाऊ नये, चांगल्या ठिकाणी जावा, हा त्यामागचा हेतू.

विचार करा. ज्या काळी सार्वजनिक पाण्याला हात लावायची बंदी होती, महाडचा सत्याग्रह अजून व्हायचा होता, त्या काळी आपल्या चळवळीच्या पहिल्या कामांत मुलांचे मासिक आणि हॉकीचा क्लब होता. बाबासाहेबांनी आधी पोट, मग पुस्तक, मग खेळ अशी उतरंड लावली नाही. माणूस घडवायचा तर लिहिणे, खेळणे, एकत्र येणे हे शिक्षणातच धरायचे, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते. सरकारच्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही आता म्हटले आहे की अभ्यास आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत असू नये.

मंचावर वाघ, वर्गात गप्प

आमच्या वस्तीतला सहावीतला एक मुलगा. जयंतीच्या आदल्या रात्री मंडपात उभा राहिला आणि हातात कागद नसताना १९२७ च्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहावर दहा मिनिटे बोलला. म्हाताऱ्या बायांनी त्याच्यावरून बोटे मोडली. पुढे पालकसभेला त्याच्या आईबरोबर आम्ही शाळेत गेलो. वर्गशिक्षकांना सांगितले, याला वक्तृत्वात घ्या. ते चकित झाले. 'हा? हा तर वर्गात तोंडच उघडत नाही!'

वाचकहो, हा एका मुलाचा प्रश्न नाही. आपला मंडप ओळखीचा असतो. समोर मावशी, आत्या, काका बसलेले असतात. चुकला तरी टाळ्या पडतात. शाळेत तसे नसते. तिथे वर्षानुवर्षे तीच चार मुले पुढे केली जातात. दर वेळी त्यात गुरुजींचे मन वाईट असते असे नाही. त्यांना वेळ कमी असतो, म्हणून ते आधी बोललेल्या मुलालाच पुन्हा उभे करतात. परंतु काही ठिकाणी आडनाव पाहून भूमिका वाटल्या जातात, हेही आम्ही नाकारत नाही. गॅदरिंगच्या नाटकात राजा कोण आणि झाडूवाला कोण, हे कुणाच्या पोराच्या वाट्याला कसे येते, ते आपण पाहिलेले आहे.

त्या मुलाला गुरुजींनी घेतले. पहिल्या खेपेला तो अर्ध्यावर भाषण विसरला आणि खाली उतरला. घरी येऊन रडला. आईने त्याला जवळ घेतले आणि एवढेच विचारले, 'पुढची स्पर्धा कधी आहे?' दुसऱ्या खेपेला त्याने भाषण पुरे केले. अजून त्याचा नंबर आलेला नाही. पण आता तो वर्गात हात वर करतो, असे गुरुजी सांगतात. आमच्या मते एवढे बक्षीस पुष्कळ झाले.

अडचणी खऱ्या आहेत

नुसता उपदेश करून भागणार नाही, हे आम्ही जाणतो. अडचणींची आम्हालाही ओळख आहे.

पहिली अडचण घरकामाची. तिचे उत्तर आम्हाला आमच्या शेजारणीने दिले, पण ते फार उशिरा. ती चार घरची धुणीभांडी करते. तिची मुलगी खो-खोच्या संघात निवडली गेली. सराव रोज संध्याकाळी, म्हणजे नेमका पाण्याच्या वेळी. बाईने काय केले? मोठ्या मुलाच्या हातात हंडा दिला. तो कुरकुरला, मित्र हसतील म्हणाला. ती म्हणाली, 'पाणी पिताना हसतात का?' तेव्हापासून तो भरतो. आमच्या घरात दोन धडधाकट माणसे असताना हे आम्हाला सुचले नव्हते. समता आपण भाषणात सांगतो, परंतु हंडा कोण उचलतो यावरून ती घरात किती आली ते कळते.

दुसरी अडचण पैशांची. एन.सी.सी.च्या सरकारी खर्चाच्या तुकडीत गणवेशाचा आणि छावणीतल्या जेवणाचा भार सरकार उचलते. आपल्या शाळेतली तुकडी तशी आहे का, हे आधी विचारा. चित्रकलेला रंग, कागद, फी लागते. तिथे दोन-तीन घरांनी मिळून रंगपेटी घ्यावी. गॅदरिंगच्या भाड्याच्या भारी पोशाखासाठी मात्र कर्ज काढू नये. साधी लेझीम, समूहगीत, भाषण यांना पोशाख लागत नाही. मंडळांना आमची हात जोडून विनंती आहे की डीजेच्या एका तासाचे पैसे बाजूला काढा. त्यात वस्तीतल्या कितीतरी मुलांची चित्रकलेची फी भरून होईल.

तिसरी अडचण मुलींच्या सुरक्षिततेची. ही काळजी रास्त आहे, ती बाजूला सारू नका. परंतु काळजी म्हणजे बंदी नव्हे. सोबत शिक्षिका कोण आहेत, छावणी कुठे आहे, किती दिवस आहे, परत किती वाजता येणार, फोन कुणाला करायचा हे पाच प्रश्न शाळेला विचारा. नीट उत्तरे मिळाली तर सही करा. न मिळाली तर मुख्याध्यापकांना भेटून ती मिळवा. एकाच वस्तीतल्या चार मुली एकत्र गेल्या तर येण्याजाण्याची चिंता निम्मी होते.

चौथी अडचण अभ्यासाची. सगळ्यांत नाव घालू नका. वर्षाला एक उपक्रम मनापासून करावा, फार तर दोन. दहावीच्या वर्षी हात आखडता घ्यावा. त्यासाठीच आठवी-नववी वाया घालवू नये.

आपले काम

तेव्हा या आठवड्यात एवढे करा.

मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून विचारा की तुमच्या शाळेत काय काय उपक्रम आहेत आणि तुला काय आवडते. आपल्याला जे आवडते ते तिच्यावर लादू नका.

पालकसभेला जा. एक दिवसाचा रोज बुडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. दोघांपैकी एकाने तरी जावे, नाहीतर आजी-आजोबांनी जावे. ज्या मुलाचे कुणी येते ते मूल शिक्षकांच्या लक्षात राहते. सरकारी, महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांत आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांतील पालकांनाही त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. या जागा आपल्याच आहेत. त्या रिकाम्या ठेवल्या तर दुसरे कुणी बसेल आणि आपण बाहेर कुरकुरत राहू.

आपल्या मुलाला डावलले असे वाटले तर शाळेच्या दारात भांडू नका. निवड कशी केली, पुढची संधी कधी आहे, हे शांतपणे विचारा. उत्तर मिळाले नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. अर्ज लिहिता येत नसेल तर विहारात या. रविवारच्या वंदनेनंतर तिथे लिहून देणारे शिकलेले तरुण आता प्रत्येक वस्तीत आहेत. आणि शिकलेल्या तरुणांनो, हे काम तुमचे आहे. आठवड्याला एक तास विहारात मुलांना बोलायला उभे करा, हस्तलिखित काढायला लावा, चित्रे काढून भिंतीवर लावा. शाळेत जी उणीव राहते ती तिथे काही अंशी भरून निघेल.

शेवटी पुन्हा त्या कागदाकडे येतो. आम्ही तो थोरलीला दाखवला. तिने तो बराच वेळ हातात धरला, आपले जुने अक्षर पाहिले. आम्ही म्हणालो, 'चूक आमची होती.' ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, 'फेकू नका. यावर तुमच्या पेपरात लिहा.' म्हणून हे लिहिले.

ती रेघ आता भरून उपयोग नाही. पण तुमच्या घरी येणारा कागद अजून यायचा आहे. तो आला की पाण्याची वेळ पाहू नका, पोर की पोरगी पाहू नका. वाचा, विचारा आणि सही करा. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा करावा. आपल्या अंगठ्यानेही मुलीचे नाव रांगेत लागते.

जयभीम!